शिक्का आणि साक्ष

पासपोर्ट हे मोठे विलक्षण पुस्तक आहे. त्यावर नाव आपले, छायाचित्र आपले, सही आपली. मालकी मात्र आपली नव्हे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ही वही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता राहते. आपण तिचे केवळ धारक. आरंभीच्या पानावर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातील सर्व संबंधितांना विनंती केलेली असते, की या धारकास निर्वेधपणे जाऊ द्यावे आणि गरज पडल्यास त्याला साहाय्य व संरक्षण द्यावे. पुढची पाने कोरी असतात. ती निरनिराळ्या देशांचे अधिकारी आपापल्या शिक्क्यांनी भरीत जातात, आणि धारकाने स्वतः एक अक्षरही न लिहिता त्याच्या प्रवासाची हकीकत त्या वहीत लिहिली जाते.

ही हकीकत बहुधा निरुपद्रवी असते. सिंगापूरचा शिक्का पाहून लंडनच्या अधिकाऱ्याला काही वाटत नाही. परंतु जगात काही सीमा अशा आहेत, की तेथील शिक्का ही आल्या-गेल्याची साधी नोंद राहत नाही. तो पुढल्या देशाच्या दाराशी साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि धारकाविरुद्ध बोलतो. अशा सीमेवर पोहोचलेला प्रवासी साहजिकच विचारतो, हा शिक्का टाळता येईल काय? श्रद्धावंत प्रवाशाने त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: तो टाळणे योग्य आहे काय? लपविणे आणि खोटे बोलणे यांत खरोखर काही अंतर आहे, की एकाच दोषाची ही दोन नावे आहेत?

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. मुळशी तालुक्यातील नांदे गावाचेच उदाहरण घ्या. मूळचे हे भातखाचरांचे गाव. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, सूस-बालेवाडीच्या बाजूने पुणे शहर सरकत आले, आणि खाचरांच्या कडेने मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. त्यांत कोणी वसईकडून, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून, कोणी गोव्याहून अशी कॅथलिक कुटुंबे राहावयास आली आहेत. एका घराच्या कपाटात चार-चार, पाच-पाच पासपोर्ट असतात. मुलगी कंपनीच्या कामाने युरोपात जाऊन येते, मुलगा आखातात नोकरीस असतो, आणि निवृत्त आईवडिलांच्या मनात एकदा तरी पवित्र भूमी पाहावी अशी आस असते.

अशाच एका घरी गृहाशीर्वादासाठी गेलो असता आजीबाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. सर्व कुटुंबाने मिळून जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ पाहून यावे असे ठरत होते. अडचण होती कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाची. इस्रायलला जाऊन आल्याची खूण पासपोर्टवर उमटली, तर त्याला परत कामावर जाता येईल काय, ही चिंता होती. एका परिचिताने उपाय सुचविला होता: "परत आल्यावर पासपोर्ट हरवला म्हणून पोलिसांत तक्रार द्या आणि नवा काढून घ्या. सगळेच करतात." आजीबाई म्हणाल्या, "फादर, प्रभूच्या गावाला जाऊन यायचं आणि त्यासाठी खोटं बोलायचं, तर त्या यात्रेचं पुण्य लागेल का हो?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर मांडीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली आणि शेजारच्या अरब राष्ट्रांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. इस्रायलच्या प्रवासाची खूण ज्याच्या पासपोर्टवर असेल त्याला प्रवेश नाकारण्याची प्रथा त्यांपैकी अनेक देशांत पडली. काही ठिकाणी ती काळाच्या ओघात सैल झाली. ईजिप्तने १९७९ साली व जॉर्डनने १९९४ साली इस्रायलशी शांतता करार केला; २०२० साली संयुक्त अरब अमिराती व बहारीन यांनीही संबंध जोडले. इतरत्र हा नियम टिकून राहिला. लेबनॉन हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्या देशाची वाटचालही सावकाश झाली. भारताने इस्रायलला मान्यता दिली ती सप्टेंबर १९५० मध्ये; परंतु पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. आपल्याकडच्या धर्मग्रामांतून पवित्र भूमीच्या यात्रा मोठ्या संख्येने निघू लागल्या त्या त्यानंतरच्या काळात.

या अडचणीतून सीमेवर एक व्यवहार रूढ झाला. प्रवासी विनंती करीत, की शिक्का पासपोर्टवर न मारता वेगळ्या कागदावर मारावा. आणि इस्रायली अधिकारी बहुधा ती विनंती मान्य करीत. २०१३ सालापासून तर इस्रायलने विमानतळावर शिक्क्याऐवजी छोटी निळी चिठ्ठीच देण्यास आरंभ केला. जॉर्डनमधून येणारे बहुतेक यात्रेकरू यार्देन नदीवरील पुलाने जातात. या पुलाला पूर्वेकडील लोक किंग हुसेन पूल म्हणतात, पश्चिमेकडील लोक अ‍ॅलनबी पूल म्हणतात. तेथे जॉर्डनचे अधिकारीही वेगळ्या कागदावर नोंद करतात, कारण पलीकडचा प्रदेश एके काळी जॉर्डनच्या ताब्यात होता आणि १९८८ पर्यंत त्याने त्यावरील हक्क सोडलेला नव्हता. उलट अकाबाजवळच्या नाक्यावर किंवा ईजिप्तमधील ताबा येथे बाहेर पडताना शिक्का बसला, की तो फार बोलका ठरतो. त्या नाक्यापलीकडे इस्रायलखेरीज दुसरा देशच नाही. तेव्हा इस्रायलची खूण पासपोर्टवर नसली तरी जाणत्या अधिकाऱ्याला सर्व समजते. भारतीय प्रवाशाला इस्रायलचा व्हिसा आधी घ्यावा लागतो. तो जेव्हा पासपोर्टच्या पानावर चिकटविलेला असे, तेव्हा वेगळ्या चिठ्ठीचा काही उपयोगही होत नसे.

आता या व्यवहाराचा नैतिक विचार करू. ख्रिस्तसभेच्या परंपरेत असत्याचा सर्वांत कठोर विचार संत अगस्तीन यांनी केला. असत्यावर त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. कोणाचे भले करण्यासाठीही खोटे बोलू नये, हे त्यांचे मत. वाणी देवाने मनातले प्रकट करण्यासाठी दिली आहे. मनात एक ठेवून दुसरे बोलणे म्हणजे त्या देणगीचा विपर्यास. असे म्हणणाऱ्या अगस्तीननीच फिर्मुस नावाच्या महागुरूंची हकीकत सांगितली आहे. हे थगास्ते नगरीचे महागुरू. त्यांनी एका माणसाला आश्रय देऊन लपविले होते. बादशहाचे शिपाई त्याचा शोध घेत आले. महागुरूंनी सांगितले, की मला खोटे बोलता येत नाही आणि त्या माणसाचा घातही करता येत नाही. त्यांचा छळ झाला, तरी ते बधले नाहीत. अखेर त्यांना बादशहापुढे उभे केले गेले, आणि त्यांच्या त्या दृढतेने प्रभावित होऊन बादशहाने लपलेल्या माणसाला अभय दिले.

या हकीकतीत आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. फिर्मुसनी सत्य लपविले. ते लपवीत आहेत हे शिपायांनाही कळत होते. परंतु त्यांनी असत्य सांगितले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वाइनस यांनी हाच भेद शास्त्रशुद्ध केला: एखाद्याला संकटातून सोडविण्यासाठीही असत्य बोलणे योग्य नाही, मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे योग्य असू शकते.

पुढील काळात हा भेद फारच ताणला गेला. काही नीतिशास्त्रज्ञ म्हणू लागले, की तोंडाने अर्धे वाक्य बोलावे आणि उरलेले मनातल्या मनात पुरे करावे. एवढ्याने असत्याचा दोष लागत नाही. "मी तेथे गेलो नव्हतो" असे मोठ्याने म्हणायचे आणि "काल" हा शब्द मनात ठेवायचा! पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली या पळवाटेचा निषेध केला, हे उचित झाले. दुसऱ्या टोकाला जर्मन तत्त्वज्ञ कांट उभे आहेत. मारेकरी दाराशी येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी त्यालाही खोटे सांगता येत नाही, असे त्यांनी १७९७ सालच्या निबंधात प्रतिपादिले. त्यांचा वाद होता फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांच्याशी. कॉन्स्टंट यांचे म्हणणे असे, की सत्य सांगण्याचे कर्तव्य आहे ते सत्य जाणण्याचा अधिकार असलेल्या माणसाशी. मारेकऱ्याला तो अधिकार नाही.

कॉन्स्टंट यांच्या या युक्तिवादाचा पडसाद आपल्या काळातही उमटला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात असत्याची व्याख्या करताना, सत्य जाणण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीला चुकीच्या समजुतीत पाडणे, अशा अर्थाचे शब्द होते. १९९७ साली अधिकृत लॅटिन आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा अधिकाराचा तो उल्लेख व्याख्येतून काढून टाकण्यात आला. मात्र, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही, हे वचन त्याच ग्रंथात कायम राहिले. हा फरक बारीक दिसला तरी महत्त्वाचा आहे. समोरच्याला अधिकार नसेल तर मला मौनाची मुभा मिळते. असत्याची मुभा मिळत नाही.

पवित्र शास्त्राकडे वळलो तर हीच शिकवण घटनांच्या रूपाने दिसते. शौल राजा हयात असताना दावीदाला अभिषेक करण्यासाठी परमेश्वराने शमुवेल संदेष्ट्याला पाठविले, तेही बेथलेहेमलाच. शमुवेल घाबरला, शौलाला समजले तर तो जीव घेईल, असे त्याने म्हटले. तेव्हा परमेश्वराने त्याला एक कालवड बरोबर नेण्यास व यज्ञासाठी आलो आहे असे सांगण्यास फर्मावले. शमुवेलाने खरोखरच यज्ञ केला. त्याने सांगितले ते खरे होते. सर्व काही मात्र सांगितले नाही. संत योहानच्या शुभवर्तमानात खुद्द प्रभू येशू मंडपाच्या सणासाठी जेरुसलेमला जातात ते उघडपणे नव्हे, तर गुप्तपणे. कारण त्यांना जिवे मारण्याचा कट चालू होता. परंतु सण निम्मा झाल्यावर तेच मंदिरात उभे राहून सर्वांसमक्ष शिकवू लागले. वाट गुप्त होती, साक्ष उघड होती.

याच्या शेजारी पेत्राची गोष्ट ठेवून पाहा. प्रमुख याजकाच्या अंगणात तो शेकोटीजवळ बसला होता. तेथे बसणे, गर्दीत मिसळणे, कोणाला न कळू देणे यात काही पाप नव्हते. पण त्याच्या गालीली बोलीने त्याला उघडे पाडले. त्याची बोली हाच त्याचा शिक्का होता. नेमका प्रश्न विचारला गेला आणि त्याने, मी त्या माणसाला ओळखत नाही, असे सांगितले. पेत्र रडला तो लपल्याबद्दल नव्हे, नाकारल्याबद्दल.

आता पुन्हा आपल्या सीमेच्या नाक्याकडे येऊ. वेगळ्या चिठ्ठीची विनंती करण्यात मला कोणताही दोष दिसत नाही. चिठ्ठी देणाऱ्याला ती का मागितली हे ठाऊक असते. देश आपल्या इच्छेने ती देतो. त्यात कोणाचीही फसवणूक नाही. घरी परतल्यावर आपल्या प्रवासाविषयी मौन पाळणे, कार्यालयात त्याची वाच्यता न करणे, यातही दोष नाही. आपण कोठे प्रार्थना केली हे सर्वांना सांगत सुटण्याचे बंधन आपल्यावर कोणी घातलेले नाही.

पण अर्जात स्पष्ट प्रश्न आला, किंवा खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने थेट विचारले, की तुम्ही इस्रायलला गेला होता काय, तर गेलो नव्हतो हे उत्तर असत्य आहे. त्याला दुसरे नाव नाही. तेथे फिर्मुसचा मार्ग उरतो: उत्तर देण्याचे नाकारावे, आणि त्याचा परिणाम म्हणून प्रवेश मिळाला नाही तर तो सोसावा.

पासपोर्ट हरवल्याची खोटी तक्रार करणे तर याहून पुढची पायरी आहे. तेथे आपण परक्या देशाला नव्हे, आपल्याच पोलिसांना व आपल्याच सरकारला फसवितो. ज्यांना खरे जाणण्याचा निर्विवाद अधिकार आहे त्यांना फसवितो. पासपोर्टची पाने फाडणे किंवा नोंदीत फेरफार करणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे, आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. २०२५ साली पुण्याच्या एका गृहस्थाला याच कारणासाठी मुंबईच्या विमानतळावर अटक झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. बँकॉकच्या फेऱ्या घरच्यांपासून लपविण्यासाठी त्याने पाने फाडली होती. त्या प्रकरणात ना सीमेचा तंटा होता, ना कोणाच्या जिवाला धोका. शिक्का लपविण्याची सवय एकदा लागली, की ती परराष्ट्राच्या नाक्यावर थांबत नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या आत येते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. एखाद्या तीर्थस्थानी प्रार्थना करून आला म्हणून माणसाला दारातून परतविणे हा नियमच अन्यायाचा आहे. अन्यायी प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन गरीब नोकरदारावर का लादावे? त्याच्या पगारावर घराचे हप्ते, मुलांच्या फिया, आईचे औषधपाणी अवलंबून असते. तत्त्वाची किंमत तत्त्व सांगणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती त्याला द्यावी लागते.

या आक्षेपातील कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु एक गोष्ट निखळून पाहिली पाहिजे. आपल्या मुसलमान बांधवांसाठी ऐपत असल्यास हज हे धर्मकर्तव्य आहे. आपल्या धर्मात पवित्र भूमीची यात्रा कोणावरही बंधनकारक नाही. ती सुंदर आहे, श्रद्धेला बळ देणारी आहे. पण ती न केल्याने कोणाच्या तारणात उणे येत नाही. जी गोष्ट आवश्यक नाही, तिच्यासाठी असत्य अपरिहार्य होते असे म्हणता येणार नाही. मुलाला कुवेतची नोकरी टिकवायची असेल, तर यंदा आईवडिलांनी जावे आणि त्याने घरी थांबावे. किंवा नोकरीचा करार संपल्यावर सर्वांनी मिळून जावे. हा त्याग लहान नाही, हे मी जाणतो. पण त्याग करून न केलेली यात्रा देवाच्या दरबारी असत्य बोलून केलेल्या यात्रेपेक्षा कमी मोलाची ठरेल असे मला वाटत नाही.

जीव वाचविण्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या निर्वासिताची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याला आपण यात्रेकरूच्या मापाने मोजू नये. त्याच्या संदर्भात एका कॅथलिक अधिकाऱ्याचे स्मरण होते. १९४० च्या जूनमध्ये, जर्मन फौजा फ्रान्समध्ये पुढे सरकत असताना, बोर्दो शहरातील पोर्तुगालचे वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सौझा मेंदेस यांच्या दाराशी ज्यू व इतर निर्वासितांची रीघ लागली. लिस्बनच्या सरकारचा हुकूम होता, की अशा लोकांना पूर्वपरवानगीवाचून व्हिसा देऊ नये. हे तेच सालाझारचे सरकार, ज्याच्या अमलाखाली त्या वेळी आपला गोवा होता. मेंदेस यांनी दिवसरात्र व्हिसे दिले, हजारो माणसे त्यांमुळे वाचली. ते व्हिसे त्यांनी आपल्या पदाच्या अधिकाराने, आपल्या नावाने दिले, आणि चौकशी झाली तेव्हा जबाबदारी झटकली नाही. त्यांची कारकीर्द संपली. १९५४ साली ते दारिद्र्यात वारले. पुढे १९६६ साली इस्रायलने आणि २०२१ साली लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात स्वतः पोर्तुगालनेही त्यांचा गौरव केला. त्यांनी हुकूम मोडला, पण त्याची किंमत स्वतः मोजली. आपल्या सोयीसाठी खोटा अर्ज करणाऱ्याने त्यांच्या पंक्तीला बसू नये.

मौनालाही मर्यादा असतात, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल पवित्र भूमीच्या यात्रेला गेले. त्या काळी जेरुसलेम दुभंगलेले होते. जुने शहर जॉर्डनकडे आणि नवे इस्रायलकडे. पोप महाशय जॉर्डनमार्गे आले, एका दिवसासाठी इस्रायलच्या हद्दीत गेले आणि मँडेलबाउम दरवाजाने परतले. व्हॅटिकनचे इस्रायलशी तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते, आणि आपल्या भाषणांत त्यांनी त्या राष्ट्राचे नाव घेण्याचे टाळले. अरब देशांत राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांची काळजी त्यामागे असेल, पण ज्यू समाजाला ते मौन टोचले, हेही खरे. त्याच वर्षी डिसेंबरात ते मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आले, तो सोहळा आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. व्हॅटिकन व इस्रायल यांच्यातील मूलभूत करार व्हायला ३० डिसेंबर १९९३ उजाडावे लागले. सांगावयाचे इतकेच, की न उच्चारलेल्या नावामागेही जिवंत माणसे असतात.

त्यांतील काही माणसे तर आपलीच आहेत. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत, ते हजारोंच्या संख्येने इस्रायलमध्ये जाऊन वसले. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत आजही मराठी बोलली जाते, आणि "मायबोली" नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे. पासपोर्टवरचा शिक्का टाळताना आपण या मराठी बांधवांनाच तर टाळीत नाही ना, याचा विचार करावा. दुसऱ्या बाजूला बेथलेहेमचे पॅलेस्टिनी ख्रिस्ती आहेत. बेथलेहेमपासून जेरुसलेम अवघे आठ-दहा किलोमीटर. पण २००२ पासून उभारल्या गेलेल्या भिंतीमुळे आणि परवान्यांच्या पद्धतीमुळे त्यांना पवित्र कबरेच्या मंदिरात ईस्टरची प्रार्थना करण्यासाठीही परवानगी मागावी लागते. पुण्याहून गेलेला यात्रेकरू एका दिवसात दोन्ही ठिकाणी जाऊन येतो. त्याच गावात जन्मलेल्याला ते जमेलच असे नाही. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर युद्ध भडकले, यात्रा थांबल्या आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती कोरून पोट भरणाऱ्या तेथील कुटुंबांची मिळकतही थांबली. त्यांना वेगळ्या चिठ्ठीची सवलत कोणीही देत नाही.

चिठ्ठीही प्रत्येक वेळी सवलतच असते असे नाही. चीनच्या अधिकाऱ्यांनी अरुणाचल प्रदेशातील भारतीयांना पासपोर्टवर शिक्का न देता वेगळ्या कागदावर, टाचणी मारून, व्हिसा देण्याची पद्धत अवलंबिली होती. त्यांचे भारतीयत्व आपण मानीत नाही असे सुचविण्यासाठी. जुलै २०२३ मध्ये चेंगडू येथील विद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी वूशू संघातील तिघा अरुणाचली खेळाडूंना असे व्हिसे मिळाले, तेव्हा भारताने तो संपूर्ण संघच पाठविला नाही. उरलेल्या खेळाडूंचे व्हिसे रीतसर होते. तरी तिघांना वगळून बाकीचे गेले नाहीत. एके ठिकाणी वेगळा कागद माणसाची अडचण दूर करतो, दुसऱ्या ठिकाणी तोच कागद माणसाला नाकारतो. कागदात पाप-पुण्य नसते. तो कोणाला सांभाळण्यासाठी वापरला आणि कोणाला पुसून टाकण्यासाठी वापरला, यावर त्याची योग्यता ठरते.

म्हणून यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांना माझे सांगणे असे. निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे. कोणाच्या नोकरीवर, कोणाच्या पुढील प्रवासावर परिणाम होऊ शकतो हे प्रवास-कंपनीकडून आणि संबंधित दूतावासाकडून आधीच समजून घ्यावे; सीमेवर उभे राहून ठरवू नये. जो मार्ग स्वच्छ आहे, म्हणजे वेगळी चिठ्ठी, योग्य नाका, योग्य क्रम, तो निःसंकोचपणे घ्यावा. जेथे खोटे बोलावे लागेल तेथे पाऊल टाकू नये, मग ती यात्रा पुढे ढकलावी लागली तरी चालेल. मुलांच्या देखत "सगळेच करतात" हे वाक्य उच्चारू नये. आणि परतल्यावर, शिक्का वहीत असो वा नसो, बेथलेहेमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जी माणसे भेटली त्यांच्याविषयी घरात व धर्मग्रामात अवश्य बोलावे. ज्याच्या पासपोर्टची पाने कोरी राहिली, त्याच्यावर एवढे ऋण राहते.

प्रौढांच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षांची असते. ती संपली, की जुनी वही कपाटात जाते आणि तिच्यातले सारे शिक्के, सोयीचे आणि गैरसोयीचे, तिच्याबरोबर निवृत्त होतात. खिडकीपलीकडच्या माणसाला आपण दिलेले उत्तर मात्र त्या वहीत लिहिलेले नसते. म्हणून ते तिच्याबरोबर जातही नाही. नव्या वहीबरोबर ते आपल्याच जवळ राहते.